रेडिएटरचें झांकण : त्याचें कार्य व त्याची निगा

ट्रॅक्टर हें आतां शेतकऱ्याच्या घरचें अवजार झालें आहे. बैलजोडीची निगा कशी राखावी, हें ज्ञान आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेलें आहे. बैल धापूं लागला, त्याच्या तोंडाला फेंस आला, कीं गडी आपण होऊन जूं उतरवितो. यंत्राच्या बाबतींत मात्र असें ज्ञान अद्याप घरोघर झालेलें नाहीं. तेल किती, डिझेल किती, फाळ कोणता, याची चौकशी मालक करितो. परंतु इंजिनास थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या तोंडावर जें लहानसें झांकण असतें, त्याकडे बहुधा कोणाचेंच लक्ष जात नाहीं. तें हरवलें तर चिंध्यांचा बोळा कोंबला जातो. सैल झालें तर त्याखालीं जुन्या ट्यूबचा तुकडा घातला जातो. आणि पाणी उकळूं लागलें, कीं तेंच झांकण घाईघाईनें उघडलें जातें. या तीनहि गोष्टी चुकीच्या असून तिसरी तर जिवावर बेतणारी आहे. सबब या झांकणाचें कार्य काय, तें कसें चालतें व त्याची निगा कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत क्रमानें केला आहे. ट्रॅक्टरविषयीं जें सांगितलें आहे, तेंच जीप, मोटार व मालमोटार यांनाहि लागू समजावें.

इंजिनास पाणी कशाकरितां?

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या धातूंत राहतो. हा उरलेला भाग वेळच्या वेळीं काढून घेतला नाहीं, तर पिस्टन फुगून सिलिंडरांत अडकेल व इंजिन निकामी होईल. म्हणून सिलिंडरांच्या भोंवतीं पाणी खेळवितात. पंप तें पाणी फिरवितो. तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें रेडिएटरमध्यें येतें, तेथें बारीक नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें, व खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत जातें. थर्मोस्टॅट नांवाची झडप इंजिन गार असेतोंपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते, आणि पाणी सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे ती उघडूं लागते. इंजिनाचें काम सर्वसाधारणपणें ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उत्तम चालतें.

सर्वच ट्रॅक्टरांस ही व्यवस्था नसते, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. १९५९ सालीं फरीदाबाद येथें ज्याचें उत्पादन सुरू झालें, तो आयशरचा ट्रॅक्टर वाऱ्यानें थंड होणारा होता. त्यास रेडिएटरच नव्हता, म्हणून झांकणाचाहि प्रश्न नव्हता. परंतु आज आपल्या शिवारांत दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर पाण्यानेंच थंड होतात.

आपल्या जिल्ह्यांतील उन्हाळ्याचा हिशेब

रेडिएटर आपली उष्णता हवेला देतो. ती किती लवकर द्यावयाची, हें पाणी आणि हवा यांच्या उष्णतामानांत अंतर किती, यावर अवलंबून असतें. पौषाच्या सकाळीं हवा २५ अंशांची आणि पाणी ९५ अंशांचें असेल, तर अंतर ७० अंशांचें पडतें. तेंच वैशाखांत यवतमाळकडे पारा ४५ च्या आसपास गेला असतां अंतर ५० अंशांचेंच उरतें. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, चालकहि तोच. परंतु उष्णता बाहेर टाकण्याची शक्ति शेंकडा सुमारें २९ नें कमी झाली. आणि नेमक्या याच दिवसांत उन्हाळवाहीची खोल नांगरट काळ्या, कठीण जमिनींत चाललेली असते. आवक वाढली व खर्चाची वाट अरुंद झाली, म्हणजे शिल्लक सांचत जाते. त्याचप्रमाणें इंजिनांत उष्णता सांचत जाते व पाण्याचें उष्णतामान चढूं लागतें.

आतां खरी अडचण येते ती उकळण्याची. पाणी १०० अंशांवर उकळतें असें शाळेंत शिकवितात. परंतु तें समुद्रसपाटीपुरतें खरें आहे. हवेचा दाब जसजसा कमी, तसतसें पाणी लवकर उकळतें. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४४५ मीटर उंचीवर आहे. तेथें उघड्या भांड्यांतील पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारासच उकळतें. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंच. तेथें तें साडेपंचाण्णवाच्या सुमारास उकळेल. अर्थात् रेडिएटरचें तोंड उघडें असेल, किंवा त्यावर साधा बोळा बसविलेला असेल, तर आपल्याकडे ९५ अंशांवर चाललेल्या इंजिनास उकळी फुटावयास अवघे तीन-साडेतीन अंश शिल्लक राहतात. एवढ्याशा शिलकेवर मे महिन्याची नांगरट निभावणें कठीण आहे.

पाणी उकळल्यानें केवळ तें कमी होतें एवढेंच नुकसान नाहीं. वाफेचे बुडबुडे सिलिंडरांच्या भिंतीला चिकटून राहतात, आणि जेथें बुडबुडा असतो तेथें पाणी धातूला लागत नाहीं. तेवढी जागा एकदम तापते, सिलिंडरवरील हेड वाकडें होतें, त्याखालचें गॅस्केट जळतें, आणि मग इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

दाब वाढविला, कीं उकळी लांबते

या अडचणीवरील उपाय प्रत्येक घरच्या चुलीजवळ आहे. प्रेशर कुकरचें झांकण घट्ट बसलें, कीं आंतील वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत चढतें. म्हणूनच उघड्या पातेल्यांत तासभर न शिजणारी डाळ कुकरांत थोड्या वेळांत शिजते. ही युक्ति जुनी आहे. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें घट्ट झांकणाचें भांडें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें होतें. आणि दाब प्रमाणाबाहेर गेल्यास भांडें फुटूं नये म्हणून वजनानें दाबलेल्या झडपेची योजनाहि त्यानेंच केली.

पुढें वाफेच्या प्रत्येक इंजिनावर अशी संरक्षक झडप आली. आपल्या जिल्ह्यांतील वडील मंडळींस शकुंतला गाडी आठवत असेल. १९०३ सालीं सुरू झालेल्या यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन धांवत होतें. तें स्थानकांत उभें असतां मध्येंच फुस्स करून वाफ सोडी, तें त्याच झडपेचें काम होतें. बॉयलरांत दाब हवा; परंतु तो मर्यादेंत हवा. रेडिएटरचें झांकण म्हणजे हीच संरक्षक झडप लहान आकारांत होय. तें केवळ पाणी सांडूं नये म्हणून लावलेलें बूच नव्हे, ही एक गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत धरावी. बाकीचें सर्व त्यांतूनच निघतें.

पूर्वींच्या मोटारींना असें दाबाचें झांकण नव्हतें. अमेरिकेंत १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी या प्रसिद्ध गाडीचें झांकण साधेंच असे. तिला सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर पाण्याचा पंपहि नव्हता, तापलेलें पाणी आपोआप वर चढे व निवालेलें खालीं उतरे. इंजिनें लहान व बेताच्या शक्तीचीं होतीं, म्हणून तेवढ्यावर भागलें. पुढें इंजिनांची शक्ति वाढली, आणि दाबाचें झांकण सर्वत्र रूढ झालें.

किती दाबाचें झांकण आहे, हें त्यावर कोरलेलें असतें. जुन्या कित्येक ट्रॅक्टरांस दर चौरस इंचास ७ पौंड दाबाचें झांकण असे. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांस १३ पौंडांचें, म्हणजे ०.९ बारचें असतें. ७ पौंडांच्या झांकणाखालीं आपल्याकडे पाणी सुमारें ११० अंशांपर्यंत, व १३ पौंडांच्या झांकणाखालीं सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. तीन अंशांची शिल्लक होती, ती येथें वीस अंशांवर गेली. शिवाय पाणी न उकळतां ११० अंशांपर्यंत चढूं शकलें, तर ४५ अंशांच्या हवेशीं त्याचें अंतर ६५ अंशांचें होतें. अर्थात् उन्हाळ्यानें हिरावून घेतलेली रेडिएटरची शक्ति बरीचशी परत मिळते. याचा अर्थ इंजिन नेहमींच ११० अंशांवर चालवावें असा नव्हे. कांटा तांबड्या रेषेकडे सरकूं लागला, कीं काम थांबविलेंच पाहिजे. ही शिल्लक अडीअडचणीच्या प्रसंगाकरितां आहे.

झांकणाची रचना

इंजिन पूर्ण गार असतांना झांकण काढून उलटें धरावें. वर पत्र्याची टोपी व तिचे दोन कान. आंत एक मजबूत स्प्रिंग. स्प्रिंगच्या टोंकाला रबर लावलेली तबकडी. आणि त्या तबकडीच्या मध्यभागीं एक लहानशी झडप, असे भाग दिसतील. टोपीच्या आंतल्या बाजूस आणखी एक चकती असते. ती टाकीच्या तोंडाची वरची कडा बंद करिते.

टाकीच्या तोंडांतहि दोन कडा असतात. वरची रुंद, व थोडी खालीं आंतली अरुंद. या दोहोंच्या दरम्यान एक बारीक नळी बाहेर निघालेली असते. तिला आपण सांडनळी म्हणूं, कारण तिचें काम तलावाच्या सांडव्याचें आहे. झांकण बसविलें, कीं स्प्रिंग तबकडीला आंतल्या कडेवर दाबून धरते आणि सांडनळीची वाट बंद होते.

ही स्प्रिंग किती जोरानें दाबते, याचा हिशेब सोपा आहे. तबकडी ३ सेंटिमीटर व्यासाची धरली, तर तिचें क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस सेंटिमीटर होतें. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो याप्रमाणें एकंदर जोर ६ किलोंहून किंचित् अधिक. म्हणजे तबकडीवर जणूं सहा किलोंचें वजन ठेविलें आहे. आंतला दाब त्याहून वाढला, कीं तबकडी उचलली जाते, जास्तीचें पाणी वा वाफ सांडनळीनें निघून जाते, आणि दाब उतरतांच तबकडी पुन्हां बसते. तलाव फुटूं नये म्हणून सांडवा जें करितो, तेंच येथें चाललेलें असतें.

गार होतांना काय घडतें?

पाणी तापलें म्हणजे फुगतें. ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तें शेंकडा सुमारें ४ नें वाढतें. म्हणजे १० लिटर पाण्याचें सुमारें ४०० मिलिलिटर पाणी जास्त होतें. हें जास्तीचें पाणी सांडनळीनें शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलींत जातें. सायंकाळीं इंजिन निवलें, कीं पाणी आकसतें, टाकींत पोकळी उत्पन्न होते, तबकडीच्या मधली लहान झडप आंत उघडते, आणि बाटलींतलें पाणी परत टाकींत ओढलें जातें. दिवसा जें नांवें पडलें, तें रात्रीं जमा झालें. हिशेब बरोबर मिळाला. झांकण चांगलें असेल, तर ही देवघेव रोज कोणाच्या नकळत चालते व वरून पाणी घालण्याची गरज क्वचितच पडते.

मधली झडप चुन्यानें किंवा गंजानें अडकली, तर बाहेर गेलेलें पाणी परत येत नाहीं. बाटली भरलेली दिसते व मालक निश्चिंत राहतो, परंतु रेडिएटर आंतून रिता होत जातो. शिवाय आंतील पोकळीमुळें वरची रबरी नळी चिपटी होते. सकाळीं गार इंजिनाची ही नळी पिचकलेली दिसली, तर प्रथम झांकणाकडे पाहावें.

कित्येक जुन्या ट्रॅक्टरांस अशी बाटली नसते; जास्तीचें पाणी जमिनीवर पडतें. अशा ठिकाणीं टाकी कांठोकांठ भरूं नये. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. उलट, कांहीं नव्या मोटारींत रेडिएटरला तोंडच नसतें, आणि दाबाचें झांकण प्लॅस्टिकच्या टाकीवर असतें. ती टाकी नुसती बाटली समजून गरम असतांना उघडूं नये. तिच्यांतहि तोच दाब असतो.

तापलेलें झांकण कां उघडूं नये?

समजा, आंत १० लिटर पाणी ११० अंशांवर आहे व झांकणाच्या दाबामुळें तें उकळलेलें नाहीं. कांटा पाहून चालकानें झांकण पिळून काढलें. दाब एका क्षणांत नाहींसा झाला. आतां या पाण्याला ९८½ अंशांपलीकडे पाणी म्हणून राहण्याचा अधिकारच उरला नाहीं. जास्तीच्या उष्णतेनें त्यांतील शेंकडा दोन भागांची, म्हणजे सुमारें २०० ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होते. आंकडा लहान दिसतो. परंतु २०० ग्रॅम पाण्याची वाफ ३०० लिटरांहून अधिक जागा मागते. दोनशें लिटरांच्या दीड पिंपाएवढी ही वाफ मूठभर रुंदीच्या तोंडांतून क्षणार्धांत बाहेर पडते, आणि जातांना आपल्याबरोबर कढत पाण्याचा लोट उडविते. झांकणावर वांकलेल्या माणसाचें तोंड, डोळे, छाती व हात हे त्या लोटाच्या वाटेंत असतात. उकळत्या पाण्यापेक्षां वाफेनें अधिक भाजतें, कारण अंगावर पाणी होतांना ती आपली गुप्त उष्णताहि सोडते.

येथें एक विचार मालकानें अवश्य करावा. ट्रॅक्टर आपला असला, तरी पुष्कळदां झांकणावर वांकणारा चेहरा सालदाराचा किंवा रोजानें ठेविलेल्या चालकाचा असतो. नांगरट उरकली नाहीं म्हणून मालक घाई करितो, आणि त्या घाईपायीं गडी अर्धा तास थांबत नाहीं. यास्तव तापलेलें झांकण उघडूं नये ही ताकीद देण्याचें, व त्याकरितां जाणारा वेळ मजुरींतून न कापण्याचें कर्तव्य मालकाचें आहे.

शेतांत पाणी उकळलें तर

१. नांगर वर उचलावा व ट्रॅक्टर सावलींत किंवा मोकळ्या वाऱ्यांत उभा करावा. कांटा चढलेला आहे, परंतु वाफ निघत नाहीं, असें असेल तर इंजिन एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें. पंखा व पंप उष्णता उतरवितात. वाफेचा लोट निघत असेल, पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी सांडून गेलें असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावें.

२. निदान अर्धा ते पाऊण तास झांकणास हात लावूं नये. वरची रबरी नळी हातांत सहज धरवेल इतकी निवली व दाबली असतां मऊ लागली, म्हणजेच पुढें जावें.

३. झांकणावर जाड गोणपाट अनेक घड्या करून टाकावें. तोंड बाजूला फिरवून, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभें राहावें. झांकण प्रथम पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें. ती खांच याचकरितां ठेविलेली असते. तेथें तबकडी सैल होऊन उरलेली वाफ सांडनळीनें निघून जाते. फुसफुस पूर्ण थांबल्यावरच झांकण दाबून पुढें फिरवावें व काढावें.

४. तापलेल्या इंजिनांत गार पाणी एकदम ओतूं नये. धातूला तडा जातो. इंजिन कोमट झाल्यावर तें मंद चालू ठेवून पाणी थोडें थोडें घालावें.

दुर्दैवानें कोणी भाजलाच, तर भाजलेल्या भागावर नळाचें किंवा कळशीचें स्वच्छ साधें पाणी वीस मिनिटेंपर्यंत सतत सोडावें. हातांतील कडें, अंगठी, घड्याळ लगेच काढावें. चिकटलेला कपडा ओढूं नये. हळद, शाई, टूथपेस्ट, तेल वा बर्फ यांपैकीं कांहींहि लावूं नये. नंतर स्वच्छ धुतलेल्या फडक्यानें हलकें झांकून रुग्णालयांत न्यावें. डोळ्यांत वाफ वा पाणी गेलें असेल, तर डोळे पाण्यानें धूत राहावें व विलंब न करतां डॉक्टरांस दाखवावें.

झांकणाची तपासणी

ही तपासणी पांच मिनिटांची असून तिला हत्यार लागत नाहीं. इंजिन रात्रभर गार झाल्यावर सकाळीं ती करावी.

प्रथम रबर पाहावें. तें मऊ व अखंड असावें. कडक झालेलें, चिरलेलें, किंवा कडेचा वण खोल उमटलेलें रबर दाब धरीत नाहीं. दुसरें, स्प्रिंग अंगठ्यानें दाबून पाहावी. ती सहज दबली, वांकडी दबली किंवा गंजलेली असली, तर झांकण बदलावें. तिसरें, मधली लहान झडप नखानें हलकेंच ओढावी. ती थोडी उघडून सोडतांच आपल्या जागीं परत बसली पाहिजे. चौथें, टाकीच्या तोंडांतील आंतली कडा बोटानें चांचपावी. तेथें चुन्याचा थर, खड्डा किंवा पोंचा असेल, तर नवें झांकणहि तेथें दाब धरणार नाहीं. पांचवें, सांडनळी फुंकून पाहावी. तींत चिखल वा कुंभारमाशीचें घर असल्यास तें काढावें. तोंडानें फुंकण्यापेक्षां टायरच्या पंपाची हवा सोडणें बरें.

झांकण कोमट पाण्यांत भिजवून मऊ फडक्यानें पुसावें. रबरावर पॉलिश कागद घासूं नये. ग्रीस वा तेल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. डोळ्यांना चांगलें दिसणारें झांकणहि दाबांत कमी पडूं शकतें. म्हणून शंका असल्यास मिस्त्रीकडे दाब तपासण्याच्या हातपंपावर तें लावून पाहावें. रबर कालांतरानें म्हातारें होतेंच; सबब दर दोन-तीन वर्षांनीं झांकण बदलणें शहाणपणाचें आहे.

नवें घेतांना जुन्यावरील आंकडा, किंवा त्याहून बरें म्हणजे गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा पाहून घ्यावें. आकार जुळला म्हणजे दाब जुळला, असें नव्हे. कमी दाबाचें झांकण लवकर सोडतें व पाणी उकळतें. अधिक दाबाचें झांकण अधिक चांगलें, हा समज तर फार घातक आहे. ७ पौंडांच्या ट्रॅक्टरवर १५ पौंडांचें झांकण लावलें, तर दाबाची मर्यादा झांकण पाळणार नाहीं. ती रबरी नळी किंवा रेडिएटरचा सांधा पाळील, म्हणजे फुटेल. सांडवा बांधून काढला, तर बांध फुटतो, तसेंच हें आहे.

दोष झांकणाचाच आहे काय?

पाणी उकळलें, कीं झांकणावरच खापर फोडूं नये. सोयाबीनच्या मळणींत भुसा, व पऱ्हाटी बारीक करतांना कचरा उडून रेडिएटरच्या जाळींत बसतो. वारा जाईनासा होतो. ती जाळी रोज झटकावी व पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या बाजूस हलक्या धारेनें धुवावी. पंख्याचा पट्टा सैल, पंप निकामी, थर्मोस्टॅट अडकलेला, किंवा हेडचें गॅस्केट गेलेलें, हींहि कारणें असतात. पाण्यांत तेलाचा तवंग दिसला किंवा इंजिन चालू असतां टाकींत सतत बुडबुडे आले, तर मिस्त्रीला बोलवावें.

झांकणाच्या दोषाचीं लक्षणें निराळीं आहेत : कोठेंहि गळती न दिसतां पाणी कमी होणें, झांकणाभोंवतीं पांढरे वा हिरवट सुकलेले ओघळ दिसणें, कांटा तांबड्या रेषेपर्यंत न जातांच उकळी फुटणें, आणि वर सांगितल्याप्रमाणें नळी चिपटी होणें.

पाणी कोणतें घालावें?

आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड आहे. वणी-मुकुटबन भागांत तर जमिनीखालीं चुनखडीचेच थर आहेत. असें पाणी तापलें, कीं चुना खालीं बसतो. हंड्याच्या बुडाला जी पांढरी खपली धरते, तीच रेडिएटरच्या नळ्यांत व झांकणाच्या झडपेंत धरते. नळ्या तुंबतात, झडप अडकते, रबराखालीं खडा राहून दाब निसटतो. म्हणून बॅटरींत घालतात तसलें शुद्ध पाणी व त्यांत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें कूलंट मिसळणें उत्तम. कूलंटनें गंज टळतो व उकळबिंदूहि कांहीं अंशांनीं वाढतो; निम्में कूलंट व निम्में पाणी असें मिश्रण उघड्यावरहि १०५ अंशांच्या पलीकडे उकळतें.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल हा पदार्थ चवीला गोड व प्राणघातक विषारी असतो. जुनें कूलंट गोठ्याजवळ, हौदाजवळ किंवा नालींत ओतूं नये. गुरें व कुत्रीं तें चाटतात. मुलांच्या हातीं लागेल अशा पाण्याच्या बाटलींत तें कधींहि भरून ठेवूं नये.

उपसंहार

या सर्व विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत सांगावयाचें, तर तें असें. हें झांकण दोन्ही बाजूंस उघडणारी झडप आहे. तें दाब राखतें म्हणून पाणी उकळत नाहीं, जादा दाब सोडतें म्हणून रेडिएटर फुटत नाहीं, आणि निवतांना पाणी परत घेतें म्हणून टाकी रिती होत नाहीं. इंजिनाच्या दुरुस्तीस जो खर्च येतो, त्याच्या मानानें झांकणाची किंमत नगण्य आहे. आणि भाजलेल्या डोळ्यांची किंमत तर कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे मळण्याची आपली चाल आहे. ज्या खांद्यानें वर्षभर जूं वाहिलें, तो त्या दिवशीं हातानें चांचपून पाहिला जातो. दसऱ्यास आपण ट्रॅक्टर धुतों, त्याला हार घालतों, हळदकुंकू वाहतों. त्याच सकाळीं, इंजिन गार असतांना, झांकण काढून त्याचें रबर, स्प्रिंग व मधली झडप हातानें पाहावी. आणि दुसरी तपासणी होळीच्या सुमारास, उन्हाळवाहीला लागण्यापूर्वीं करावी. त्या वेळीं चालकास शेजारीं उभें करून प्रत्येक भागाचें काम समजावून द्यावें. ज्याला झांकणाखालीं काय कोंडलेलें आहे हें कळलें, तो तापलेल्या झांकणास घाईनें हात घालणार नाहीं.